सनदच्या बोडीवरच्या काकू

मागे न बघता काकूंनी डावा हात वर केला, की आम्ही बोलणं थांबवायचं. "दम धरा जी. तो विचार करून राह्यला," त्या म्हणायच्या. तो म्हणजे मासा.

बहरीनच्या माहूज भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहत. काका मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपमध्ये टेक्निशियन होते. दोघं भंडाऱ्याकडची, तलावांच्या मुलखातली. बहरीनमध्ये चारही बाजूंना समुद्र, आणि काकूंना समुद्राचा मासा घशाखाली उतरत नसे. "खारट पाण्यात पोहून त्याची चवच गेली," हे त्यांचं मत. पहिले काही महिने त्या फ्लॅटमध्ये नुसत्या बसून असत.

एका शुक्रवारी भाजी आणायला मी दोघांना गाडीतून सनद गावाला नेलं. तिथे एका म्हाताऱ्या हाजींची खजुराची बाग होती आणि खजुराला, लसूणघासाला पाणी द्यायला झऱ्याचं एक तळं. काकू गाडीतून उतरल्या आणि ओरडल्याच, "अहो, ही तर आपली बोडी हाय!" बोडी म्हणजे त्यांच्या गावाकडचं छोटं तळं.

पुढच्या शुक्रवारी त्या काठी, दोरा, गळ आणि कणकेचा गोळा घेऊन हजर. हाजी हसले. "मफी, मफी," म्हणाले. मासे नाहीतच. तेवढ्यात काकूंनी तळहाताएवढा तिलापिया त्यांच्या पायाशी टाकला. त्या दिवसापासून काठावर काकूंसाठी एक खुर्ची आली. त्या झाडीबोलीत बोलत, हाजी अरबीत. दोघांचं कधी अडलं नाही.

एका उन्हाळ्यात गेलो तर झरा आटलेला आणि पंप बंद. तळ्यात घोट्याएवढा गढूळ चिखल, त्यात मासे तडफडत होते. हाजी सावलीत बसून राहिले होते. हात झटकून म्हणाले, "खलास."

"काहून खलास? जित्त्या हायेत अजून मासोळ्या!" काकूंनी पदर खोचला आणि त्या चिखलात उतरल्या. हातांनी मासे धरून त्या बादलीत टाकू लागल्या. काका आणि मी बादल्या शेजारच्या बागेतल्या सिमेंटच्या टाकीत रिकाम्या करत होतो. थोड्या वेळानं पाहिलं, तर हाजी चपला काढून, अंगातला पायघोळ थोब गुडघ्यापर्यंत गुंडाळून काकूंच्या बाजूला वाकले होते.

काम संपल्यावर मी म्हटलं, "काकू, एखादा मोठा रश्श्याला ठेवायचा का?"

चिखलानं माखलेल्या काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "घाबरून गेल्या हायेत जी त्या," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोघं गावी परतली. त्यानंतर मी एकटाच सनदला गेलो. हाजींनी गाडीत वाकून पाहिलं, मागची सीटही पाहिली. विचारलं, "उम्म समक कुठाय?"

उम्म समक. मासोळ्यांची आई. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. काकूंना मूल नव्हतं, आणि हे मी हाजींना कधी सांगितलं नव्हतं.

"इंडियाला गेल्या," मी म्हटलं.

हाजी मला टाकीकडे घेऊन गेले, हातातली खुबूस रोटी मोडून अर्धी मला दिली, आणि आम्ही दोघं पाण्यात तुकडे टाकत बसलो.