अक्कम्माची झडती

बाळीवेशीतली अक्कम्मा तोंडानं फटकळ होती, आणि त्याचा तिला अभिमानही होता. कडक भाकऱ्या थापून ती गिरणीच्या फाटकाशी विकायची. भाकरी लहान झाली म्हणून कुणी कुरकुरलं, तर "मग बायकोला सांग की थापायला," असं ऐकवून दिलेली भाकरी परत ओढून घ्यायची. तरी गिऱ्हाईक तिलाच धरून होतं. नवरा चनमल्लप्पा गिरणीत मागावर. पगार झाला की तो आधी शिंदीच्या दुकानात जायचा आणि मग घरी. पुढंपुढं घरी यायचंच विसरू लागला. चाळिशीच्या आत गेला. पुरताना त्यांच्या धर्माच्या रीतीप्रमाणं त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. शिंदीनं माझ्या माणसाचं सगळं नेलं, तेवढं एक नेता आलं नाही, असं अक्कम्मा म्हणायची.

तिच्याही गळ्यात तसंच लिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. तान्ही असतानाच बांधलेलं. ते हातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. ते अंगावेगळं झालं की माणूस मेल्यातच जमा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

एकोणीसशे बत्तीस साली गावातल्या बायका शिंदीच्या दुकानापुढं पिकेटिंगला, गिऱ्हाईक अडवायला, उभ्या राहिल्या, तेव्हा अक्कम्माला बोलवायला कुणी गेलं नव्हतं. तीच गेली. लाठ्या दिसल्यावर बाकीच्या पांगल्या. ही दुकानाच्या उंबऱ्यावर बसकण मारून बसली. फौजदार म्हणाला, "ऊठ." ती म्हणाली, "उठव." तेवढ्यावर तिला अटक झाली.

चौकीत आल्याबरोबर फौजदारानं शिपायाला हुकूम सोडला, "झडती घे हिची."

शिपाई रेवणप्पा, अक्कलकोटकडचा, पुढं आला तशी अक्कम्मा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "बाईमाणूस बोलवा. पुरुषानं पदराला बोट लावलं तर चावीन मी, सांगून ठिवते."

फौजदाराला कायदा ठाऊक नव्हता असं नाही. अटक केलेल्या माणसाची झडती घेता येते, पण बाईची झडती बाईनंच घ्यायची, तीही अब्रू सांभाळून. बायका बोलत नाहीत म्हणून तो कायदा कागदात झोपून राहायचा, एवढंच. त्यानं चरफडत मागच्या बोळातल्या बजाबाईला बोलावणं धाडलं. बजाबाई भाजी विकायची आणि बाई पकडली गेली की झडतीला यायची.

आतल्या खोलीचं दार लावून घेऊन बजाबाईनं आपलं काम केलं. अंबाडा सोडून पाहिला, लुगड्याचे पदर झटकले, कमरेची चंची घेतली, घराची किल्ली घेतली. अक्कम्मानं सगळं दिलं. चंची देताना "सुपारी खाऊ नगंस त्यातली," असंही बजावलं. मग बजाबाईचा हात गळ्याशी आला आणि अक्कम्मानं मूठ आवळली.

"हे न्हाय."

"बाई, अंगावरचं लुगडं सोडून सगळं जमा करायचं असतंय."

"मग लुगडं ने. हे न्हाय."

बजाबाईनं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती बाहेर आली. "साहेब, गळ्यातला देव देत न्हाय ती. आन् दुसऱ्याच्या देवाला मी हात घालत न्हाय. पायजे तर माजी मजुरी ठिवून घ्या."

फौजदाराचा पारा चढला. चांदीची डबी म्हणजे मौल्यवान वस्तू. तुरुंगात हरवली तर जाब कुणी द्यायचा? त्याचंही अगदी खोटं नव्हतं. पण तो अक्कम्मावर ओरडला ते त्यासाठी नव्हतं. एक भाकरीवाली दोनदा नाही म्हणाली होती, ते त्याला झोंबलं होतं. "चौघींना आणून हात धरायला लावीन!"

चौघींपुढं आपलं काही चालणार नाही, हे अक्कम्माला कळत होतं. पण आवाज तिनं हलू दिला नाही. "धरा. हे काढलं की पाणीसुदीक शिवणार न्हाय मी. तुमच्या चौकीत मरंन. मग जाब द्या."

तेव्हा फौजदाराला आपल्या मते नामी तोड सुचली. रेवणप्पा तिच्याच धर्मातला. त्यानं काढलं तर बाट नाही की विटाळ नाही. "रेवणप्पा, दोरा काढ तिचा. नुसत्या दोऱ्याला बाईमाणूस लागत नाही."

कायद्याची अशी सोयीची वाटणी त्यानं जागच्या जागी करून टाकली. रेवणप्पा दोन पावलं आला. अक्कम्मानं त्याच्या खाकी सदऱ्याकडं पाहिलं आणि एकदम शांतपणे, धाकट्या भावाला विचारावं तसं विचारलं, "तम्मा, तुज्या गळ्यात हाय न्हवं?"

"हाय, अक्का."

"मग आदी तुजं काढ. साहेबाच्या टेबलावर ठेव. मग माज्या दोऱ्याला हात घाल."

रेवणप्पाचा हात आपल्या गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. घरी त्याच्या पगारावर जगणारी माणसं होती. तरी तो म्हणाला, "साहेब, कमरेचा पट्टा काढा म्हणा, आत्ता काढतो. हे व्हायचं न्हाय."

फौजदार मटकन खुर्चीत बसला. आवाज उतरवून म्हणाला, "बरं बाई. पदराखाली घे ते. मी पाहिलं नाही आणि तू दाखवलं नाहीस. मिटलं."

रेवणप्पाचा जीव भांड्यात पडला. "घ्या की अक्का पदराखाली."

अक्कम्मानं डबी पदराबाहेर काढून छातीवर ठेवली.

"चोरलंय व्हय मी, झाकायला? तुमी बगितलंय. काढ म्हनालात, मी दिलं न्हाय, असं लिवा. न्हाईतर उद्या दुसरी कोन येईल, भित्री असंल, तिचं काढून घ्याल तुमी."

फौजदारानं लिहिलं. अक्कम्माला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिनं रेवणप्पाकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं, 'दिले नाही' हे शब्द पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि मग अंगठा उठवला.

"आता न्या," ती म्हणाली, "कुटं न्यायचं ते."