ग्रॅमकाकांची नवी बॅग

ग्रॅमकाकांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. ही माहिती काकांनी स्वतः आरशासमोर फूटपट्टी धरून काढलेली, तेव्हा ती खोटी असण्याची शक्यताच नाही. दुकानांतले काटे आणि वजनं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस चहात साखर घालतानाही चमचा सुरीने सपाट करून घ्यायचा. गल्लीतल्या मुलांनी त्यांचं ग्रॅमकाका असं बारसं केलं, ते उगीच नाही.

खांदा उतरला होता बॅगेपायी. काळी, चामड्याची, एकाच पट्ट्याची ती बॅग रोज काकांच्या उजव्या खांद्याला लटकून बसने ऑफिसात जायची आणि तशीच परत यायची. गेल्या खेपेला शिंप्याने विचारलं होतं, "साहेब, माप तुमचं घेऊ की बॅगेचं?" काका हसले नाहीत. पण पुढे उजवा हात कानाच्या वर जाईनासा झाला आणि सगळ्यांचंच हसू थांबलं.

महिन्याभराने खात्याची वैद्यकीय तपासणी होती. हात डोक्याच्या वर गेला तर फिरती चालू, नाहीतर टेबल. टेबल म्हणजे तळमजल्यावरची तक्रारींची खोली. तिला खिडकी नाही आणि तिथे माणसं येतात ती रागावूनच. काकांचा सगळा जीव फिरतीत. ते दुकानात पाऊल टाकतात तेव्हा दुकानदाराचा आवाज जो एकदम मऊ होतो, त्यावर त्यांची भूक चालायची.

"आधी ती बॅग बदला," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही खांद्यांवर भार येईल अशी हलकी घ्या."

झालं. काका खिशात ताणकाटा घालून बाजारात निघाले. पहिल्या दुकानाच्या मालकाने त्यांना लांबूनच ओळखलं आणि हात जोडले. "साहेब, आमच्याकडे तोलायचं काहीच नाही हो! आम्ही नगावर विकतो."

"गिऱ्हाईक म्हणून आलोय," काका म्हणाले. मालकाचा विश्वास बसला नाही, आणि काकांनी पहिलीच बॅग काट्याला लटकवल्यावर तर उरलासुरलाही उडाला.

"रिकामी एक किलो शंभर ग्रॅम! म्हणजे माणूस कामावर पोचायच्या आधीच किलोभर हमाली!"

"पण साहेब, मजबूत आहे."

"मजबूत तर खलबत्ताही असतो. तो कुणी खांद्याला लावून जातं का?"

तीन संध्याकाळी आणि चार दुकानं अशी गेली. काका पट्ट्याची रुंदी मोजत, आतला स्पंज अंगठ्याने दाबून किती वेळात वर येतो ते घड्याळात बघत, शिवण ओढून बघत. पाठीवरची सॅक दाखवली तर म्हणत, "या वयात? शाळेत घालताय का मला?" शेवटी पुन्हा पहिल्याच दुकानात जाऊन त्यांनी सॅकच पसंत केली. सहाशे चाळीस ग्रॅम, पाठीला जाळी, पट्टे चार बोटं रुंद. ती रद्दीच्या गठ्ठ्यांनी भरून घेतली, पाठीवर चढवली आणि चौकापर्यंत चालून आले. मालक मागोमाग चालत होता; साहेब पळून जातील अशी भीती नव्हती, पण बॅग नवी होती.

घरी आल्या आल्या जुन्या बॅगेतलं सगळं सामान काकांनी नव्या बॅगेत जसंच्या तसं रिचवलं. दहा दिवस झाले. दोन्ही खांदे आता सारखे दुखू लागले. उजवा हात होता तिथेच.

"बॅगेचं तेवढं वजन करून आणलंत," काकू म्हणाल्या, "आत काय भरलंय ते तोललंत का कधी?"

सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं तोलणाऱ्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. काकूंनी स्वयंपाकघरातला काटा पलंगावर आणला आणि बॅग उपडी केली. तीन डायऱ्या, त्यांतल्या दोन भरलेल्या. टॉर्च. बसमधून उतरल्यावर घालायच्या जादा चपला. छत्री. दुसरी छत्री.

"ही कशाला?"

"पहिली मोडली तर."

आणि सगळ्यात तळाशी, काकू चार वर्षं शोधत असलेल्या टॉवेलात गुंडाळलेलं, पितळेचं दोन किलोचं वजन.

"हे खात्याचं?"

"माझं. खात्याची वजनं गाडीतून येतात. हे मी वेगळं ठेवतो, पडताळ्याला."

"कशासाठी?"

काकांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी ऑफिससमोरच्या बसथांब्याजवळ बसणाऱ्या फळवालीची वजनं त्यांनी हलकी ठरवून जप्त केली होती. चारचौघांत तिला बोललेही होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की खात्याच्याच वजनाच्या बुडाला सील करायच्या लाखेचा गोळा चिकटला होता. खातं जड होतं, ती बरोबर होती. तोवर तिची फळं सडून गेली होती. वजनं शिपायाच्या हाती परत पाठवली, वर 'तपासून परत' एवढंच लिहून. त्याच आठवड्यात काकांनी स्वतःचं वजन घेतलं, प्रयोगशाळेतून तपासून आणलं आणि बॅगेत टाकलं. तेव्हापासून ते एक थांबा आधीच उतरतात आणि मागच्या गल्लीने दहा मिनिटं चालत ऑफिसात जातात. लाज वाटते म्हणून. अठरा वर्षं रोज वाटते.

काकूंनी ते वजन हातात घेतलं. कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

"आणि याला कोण तपासतं?"

खात्याची वजनं दरवर्षी प्रयोगशाळेत जायची. हे कुठल्याच नोंदवहीत नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि काकांनी नेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नेलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ते पारड्यात ठेवलं आणि चष्मा वर केला.

"नापास, साहेब. चालते तिच्या तिप्पट घट आहे. कोण आहे हा लबाड? नोटीस काढू?"

"मीच," काका म्हणाले.

बाईंना हसावं की नाही ते कळेना. काकांनी मात्र रीतसर जप्तीची पावती फाडली. निरीक्षकाच्या जागी सही केली आणि मालकाच्या जागीही केली. एकही हुज्जत न होता झालेली ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिली जप्ती.

वजन गेलं, दुसरी छत्री गेली, भरलेल्या डायऱ्या गेल्या. उरलेले दिवस काका सकाळ-संध्याकाळ भिंतीवर बोटं चालवत हात वर नेत होते आणि काकू पेन्सिलीने भिंतीवर खुणा करत होत्या. खुणा चढत होत्या, पण कंजूषपणे.

तपासणीच्या दिवशी काका रोजच्यासारखे ऑफिसच्या आधीच्या थांब्यावर उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. ऑफिससमोर उतरले. फळवाली तिथेच होती, केस पांढरे झालेली, ताडपत्री बांधत होती.

"साहेब? आज इकडे कुठे वाट चुकलात? वजनं दाखवू?"

"नको." काकांनी उगीचच बॅगेचे पट्टे घट्ट केले. "त्या वेळी तुमची वजनं बरोबर होती. माझं चुकलं होतं."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची सोय काकांनी कधी ठेवलीच नव्हती. "चौथ्या दिवशी."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चौथा दिवस आणि आजचा दिवस यांच्यामधलं अंतर तिने मनात मोजलं असावं.

"म्हणून मागच्या गल्लीने जात होतात होय? मला वाटायचं, साहेबांना फळं आवडत नाहीत."

काका तिच्या फळांकडे बघत राहिले.

"आता आलाच आहात, तर एवढी दोरी त्या वरच्या खिळ्याला अडकवा. माझा हात पुरत नाही."

काकांनी दोरी घेतली आणि सवयीने उजवा हात उचलला. खांदा करकरला. हात कानाशी थबकला, मग कानाच्या वर गेला, मग डोक्याच्याही वर. खिळा तेवढ्यावर राहिला.

"बोटभर कमी पडतंय, साहेब!"

जन्मात कुणाला अर्धा ग्रॅम न सोडलेले ग्रॅमकाका चवड्यांवर उभे राहिले.

"तेवढं चालतं हो," ते म्हणाले, आणि दोरी अडकवली.