काशाच्या ताटाची चिठ्ठी

सोलापूर जिल्ह्यात असं एकही भांडं नसेल, ज्याला आमच्या इवायांचं नख लागलेलं नाही. इवाई म्हणजे व्याही. माझ्या पोरीचे सासरे. राहायला केम गावाला. मी वाढवून सांगतोय असं आमच्या घरचे म्हणतील. म्हणू देत. हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी माणसाला नमस्कार करत नाही, आधी दारातल्या घागरीला टिचकी मारतो, कान खाली नेतो, डोळे मिटतो आणि आवाज संपेपर्यंत तसाच वाकून उभा राहतो. मग सरळ होऊन म्हणतो, "पितळ हाय. बरं हाय न्हवं सगळं?" नोकरी रेल्वेतली. रुळावरून रोज चालत जायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्यात का, हे हातोडीनं ठोकून, आवाज ऐकून ओळखायचं, हे त्यांचं काम. सगळा जन्म ठोकण्यात गेला. रिटायर झाल्यावर हातोडी सरकारनं परत घेतली, पण नख कोण परत घेणार?

माझी पोरगी बघायला आले तेव्हाची गोष्ट. आम्ही कांदेपोहे दिले. बाकीचे पाव्हणे पोरीकडं बघत होते आणि हे ताटलीकडं. नखानं काठ वाजवला. ऐकू नीट येईना म्हणून ताटली उचलून कानाला लावली, आणि अर्धे पोहे धोतरावर. पोरगी पदर तोंडात धरून आत पळाली. मी मनात म्हणलं, गेलं हे स्थळ, आता रागावून उठतील. तर हे मांडीवरचे पोहे वेचून खात खात म्हणाले, "पोरगी चांगली हाय. ताटली बी चांगली हाय. पसंत."

एकदा मंगळवेढ्याला एका बारक्या कामासाठी आम्ही दोघं एसटीनं निघालो. बसायला जागा नव्हती. उभ्या उभ्या ह्यांनी काय करावं, तर खिशातली किल्ली काढून वरच्या दांड्याला टणटण वाजवली. कंडक्टरनं घंटी मारली असं समजून ड्रायव्हरनं गाडी ज्वारीच्या रानात उभी केली. कोण उतरणार, कोण उतरणार म्हणून सगळी गाडी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. कंडक्टर ओरडला, "कुणी वाजवली रं?" तर हे शांतपणे म्हणाले, "मी. आतनं पोकळ हाय ओ दांडा. नवीन बसवा." कंडक्टर असा तापला की मला वाटलं आता आम्हा दोघांना रानात उतरवून देतोय. मी दुसरीकडं बघून, हा माणूस माझा कुणी नाही, असं तोंड केलं. ते तोंड करायची सवय मला तेव्हापासून लागली असावी.

त्यांच्या खाटेखाली एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात धातूचे तुकडे. तांबं, पितळ, कासं, लोखंड, जस्त, शिसं, कथील. बहुतेक रुळाच्या कडेला सापडलेले, कुणाच्या तरी डब्यातून पडलेले: कुलपाचा कान, तांब्याचं बूड, समईचा मोर. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, वळणदार अक्षरात धातूचं नाव आणि कुठं घावला ते. खात्री नसेल तर चिठ्ठी कोरी. "खोटं लिवायचं न्हाय," म्हणायचे, "न्हायतर पेटीला पेटी का म्हणायचं, मग ते भंगार." आणि ह्या धातूंच्या वरच्या कप्प्यात काय? तर क्रिकेटवाल्यांची कार्डं. बबलगमच्या पुडीत येतात ती, पोरांची. गाडीच्या खिडकीतून कुणाच्या तरी पोराच्या हातातलं उडालेलं एक कार्ड त्यांना खडीत सापडलं. तेवढं निमित्त. मग पांढऱ्या मिशांचा हा माणूस केमच्या दुकानात उभा राहून गम चावायला लागला. फलंदाज एका गठ्ठ्यात, बॉलर एका, झेल घेणारे वेगळे. सगळी जमली, फक्त बारा नंबरचं कार्ड सापडलं नाही. त्यावर स्वतःच म्हणायचे, "बारावा गडी पाणी घिऊन पळत आसल कुटं तरी. घावतोय कशाला."

आता माझं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी चौथीत शाळा सोडली आणि मागावर लागलो. चादरीच्या मागांच्या त्या खडखडाटात पंचवीस वर्षं गेली आणि बारीक आवाज कानातून कायमचे गेले. हे मी कुणाला कबूल केलं नाही. माग सुटल्यावर भांड्यांचा गाडा टाकला. जुनं भांडं मोडीत घ्यायचं, नवं द्यायचं. भांडं बघणारा माणूस वाजवून बघतो, म्हणून मीही वाजवायचो, मान डोलवायचो. ऐकू काही येत नव्हतं. रंगावर आणि वजनावर चालवायचो, आणि बाजारात छाती काढून सांगायचो की मी डोळे झाकून धातू सांगतो.

असंच मोडीत आलेलं एक ताट मी काशाचं म्हणून पोरीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलं. चिंच लावून असं घासलं की तोंड दिसावं. लग्नात रुखवतापुढं सगळ्यांच्या देखत ते इवायांच्या हातात दिलं आणि म्हणलं, "घ्या, वाजवा. असलं कासं केममध्ये बघायला मिळायचं न्हाय." त्यांनी टिचकी मारली. कान नेला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिटलेले होते, ते मला आज आठवतं; तेव्हा मला वाटलं की आवाज लांबवर चाललाय. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कासं हाय. एक नंबर." त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली ती पुढं सहा वर्षं ताठच राहिली.

नातीचं बारसं आमच्या घरी झालं. लोकांनी चांदीचे वाळे आणले, पैंजण आणले. इवायांनी धोतराच्या सोग्यातून एक बिस्किटाचा डबा काढला. आत सात धातूंचे सात बारके तुकडे, चिठ्ठ्यांसकट, आणि वर एक कार्ड, त्यांच्या लाडक्या डावखुऱ्या बॉलरचं. लाजत लाजत म्हणाले, "हिला ल्हानपणापास्नं आवाज कळाय पायजेत. पुढं कुणी फसवाय नगं."

मला काय झालं मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. माझ्या गल्लीतले, माझ्या गाड्यावरची जुनी गिऱ्हाइकं, सगळे बसलेले, आणि माझा व्याही बारशाला लोखंडाचा तुकडा घेऊन आलेला. मला लाज वाटली. आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. मी म्हणलं, "इवाई, बारशाला भंगार आणलं व्हय? धातू कशाला म्हणत्यात ते आमी दिलेल्या ताटाला इचारा की! आन् ह्ये कार्ड? तुमी पाळण्यात झोपताय का नातीला झोपवताय?" अख्खी बैठक हसली. हसणं मला ऐकू आलं. त्यांनीही हसून मान हलवली, डब्याचं झाकण लावलं आणि ओठ हलवून काहीतरी म्हणाले. ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर ते दिवाळीला आले. दारातल्या घागरीजवळून तसेच आत आले. जेवायला बसले, ताट पुढं आलं, मी वाट बघत होतो. त्यांनी भात कालवला आणि जेवायला लागले. नुसते जेवले. विहीणबाई त्यांच्याकडं बघत होत्या, पोरगी माझ्याकडं बघत होती. मी म्हणलं, "वाजवा की इवाई, नवीन ताट हाय." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. स्टील तर हाय." कधी नव्हे तो मला स्टीलच्या ताटाचा राग आला.

भांडी आवरताना पोरीनं मला गाठलं. म्हणाली, "आप्पा, मामंजींनी पेटीवर ज्वारीचं पोतं ठिवलंय. उघडतच न्हाईत. दुकानात गेले तरी गमच्या बरणीकडं बघत न्हाईत."

मी म्हणलं, "बरं झालं. वय झालं त्येंचं."

"तुमाला म्हाईत हाय का बारशात ते काय म्हणले?"

"काय?"

"म्हणले, बरोबर हाय इवाई, भंगारच हाय."

"मग मला कसं ऐकू आलं न्हाय?"

"तुमाला काय ऐकू येतंय आप्पा?" ती म्हणाली आणि भांडी घेऊन गेली.

ज्या माणसानं जन्मात खोटी चिठ्ठी लिहिली नाही, त्यानं आपल्या सगळ्या पेटीला माझ्यामुळं भंगार म्हणलं. मी हट्टी माणूस आहे. चूक झाली हे दोन शब्द माझ्या तोंडातून बायकोनंही कधी ऐकले नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात मी गुपचूप सोलापुरातल्याच सात रस्त्याच्या चौकात गेलो आणि पोरगी चार वर्षं सांगत होती ते कानाचं मशीन बसवून घेतलं. बाहेर आलो तर रिक्षांचा एवढा गोंगाट की परत मागावर उभा राहिल्यासारखं वाटलं. तिथंच एका दुकानात बबलगमची बरणी दिसली.

मी बारा नंबर शोधायचा ठरवला. तोंडानं बोलता येत नव्हतं, म्हणून निदान हातानं काहीतरी करावं. रोज जायचो, पुड्या घ्यायचो. गम टाकून देणं मला जमेना, विकत घेतलेली वस्तू कशी टाकायची? म्हणून चावायचो, आणि माझी वरची कवळी खालच्या कवळीला चिकटायची. दुकानदार म्हणाला, "बाबा, नातवासाठी नेताय का?" मला उत्तर द्यायला तोंड उघडता येईना. नुसती मान हलवली. महिनाभरात बहात्तर कार्डं जमली. त्यातला एकच जाडा बॉलर एकोणीस वेळा. बारा नंबर नाहीच. आणि खरं सांगतो, पुडी फाडताना छातीत जे धडधडायचं ते मला कुठल्या भांड्यानं कधी दिलं नव्हतं. ज्याला हसलो, तेच मी करत होतो.

शेवटी ती बहात्तर कार्डं रबर लावून खिशात घातली आणि केमला गेलो. इवाई खाटेवर बसलेले. मी कार्डं त्यांच्यापुढं ओतली. म्हणायचं होतं, माझं चुकलं. म्हणालो, "ही घ्या. घरात उगं पसारा झालाय."

ते बघत राहिले. हात लावला नाही. मग काय करावं ते न सुचून मी आपली कार्डं लावायला लागलो. जाड्या बॉलरला फलंदाजांत ठेवला. इवाई चुळबुळले. मी झेल घेणाऱ्याला बॉलरात घातला. त्यांना ते सोसेना. "आवं, आसं नस्तंय ओ!" म्हणून त्यांनी माझ्या हातातून गठ्ठा ओढून घेतला. मला एकोणीस बॉलर एका रांगेत मांडून दाखवले आणि म्हणाले, "ह्येवढ्यांनी बॉल टाकला तर खेळणार कोण?" बऱ्याच महिन्यांनी त्यांचं हसणं ऐकलं, आणि मशीनमुळं पूर्ण ऐकलं. मग दोघांनी मिळून ज्वारीचं पोतं खाली उतरवलं.

पेटी उघडली. कार्डं वरच्या कप्प्यात गेली. खालच्या कप्प्यात एका बाजूला जुन्या साडीच्या फडक्यात ते ताट गुंडाळलेलं होतं. माझं ताट. दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: "कासं. इवायांनी दिलं." मला अभिमान वाटला. नव्या कानानं ऐकावं म्हणून टिचकी मारली. थप्प. लाकडावर मारावी तशी. परत मारली. थप्प. शेजारी त्यांचा काशाचा बारका तुकडा होता, तळहाताएवढाही नव्हता. त्याला टिचकी मारली, आणि तो आवाज उठला तो खोलीभर फिरला, थांबेचना. मी ऐकत राहिलो. सत्तरीच्या पुढं आल्यावर काशाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पितळ होतं ते. शिसं मिसळलेलं, हलकं पितळ. मंडपात त्यांनी डोळे मिटले तेव्हाच त्यांना कळलं होतं. बारशात मी त्या ताटाचं नाव घेऊन त्यांना हसत होतो, तेव्हाही माहीत होतं. नुसतं एक बोट उचललं असतं तर सगळी बैठक मला हसली असती. मी खाली मान घालून बसलो. म्हणालो, "इवाई, चिठ्ठी बदला."

"का?"

"खोटी हाय."

ते ताट परत फडक्यात गुंडाळत म्हणाले, "एकदा लिवलेलं मी खोडत न्हाय. आन् पोरीच्या बापानं दिलेलं ताट हाय ते. त्येला दुसरं काय लिवायचं?"

आता ते सोलापूरला आले की पहिल्यासारखं दारातल्या घागरीला टिचकी मारतात. माझं स्टीलचं ताटसुद्धा कानाला लावतात, भात सांडतो, बायको बडबडते. मी सात रस्त्याला गेलो की दोन पुड्या घेतो; बारा नंबर अजून पाणी घेऊन पळतोय. माझं चुकलं, हे मी अजून म्हणालेलो नाही. दर वेळी केमला जाताना गाडीत ठरवतो, आणि दर वेळी ते पेटी उघडून ताट काढतात, टिचकी मारायला बोट उचलतात आणि डोळे मिचकावून म्हणतात, "इवाई, आधी कानातलं मशीन काढा. मग कासंच हाय."

मी काढत नाही. मान खाली घालतो आणि ती थप्प ऐकतो.