एका कोयत्याच्या दोन नळ्या

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, ढोकीजवळच्या एका गावाने ऊसतोड मजुरांना हापशावर पाणी भरू देणे बंद केले. मजुरांच्या तळावर ताप पसरला होता. तिथली एक बाई आधी आजारी पडली, म्हणून ताप तिनेच आणला असे गाव म्हणत होते. मी आमच्या वर्तमानपत्रात तसे छापलेही होते.

हापशावर एक म्हातारे तिला म्हणाले, "उचल ती घागर. ताप घिऊन आलीस, वर आमचंच पाणी?"

"बाबा, आमी ऊस तोडाया आलो, ताप वाटाया न्हाय."

उपकेंद्राच्या नर्सताईंनी तळावरच्या आजाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. नावे मुकादमाच्या यादीवरून घातली. त्या यादीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि नाव फक्त नवऱ्याचे. प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रातच होतो.

"एका माणसाच्या दोन नळ्या कशा?"

"माणूस नाही मॅडम, कोयता," नर्सताई म्हणाल्या. " त्यात दोघं असतात."

हा विषाणू माणसात पूर्वी नोंदलेला नव्हता. पुण्याला, फोनवर बोललेल्या संशोधक बाईंनी मला पडद्यावर त्याच्या जनुकांची अक्षरे दाखवली. ओळी संपत नव्हत्या. विषाणू स्वतःची नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या नकलांत उतरत जाते. बातम्यांतल्या अक्षरांच्या चुका काढण्यात माझी उभी नोकरी सरली होती. चुकीवरून आलेली वाट सांगता येते, हे मी प्रथमच पाहत होतो.

गावातल्या किराणा दुकानदाराला दसऱ्याला ताप आला होता. मजुरांची टोळी तेव्हा अजून यायची होती. तेव्हा तपासणीला पाठवलेले त्याचे रक्त प्रयोगशाळेच्या शीतपेटीत जपलेले होते, आणि त्यात हाच विषाणू निघाला. त्या बाईच्या कोयत्याच्या एका नळीत दुकानदाराच्या विषाणूपेक्षा दोन अक्षरे बदललेली होती. दुसरीत तीच दोन आणि आणखी एक. हा शेवटचा बदल एकाच कोपीत, पाचटाच्या त्या झोपडीत, एका चुलीपाशी झाला होता.

रक्तातल्या पेशींवरून पहिली, कमी बदलांची नळी पुरुषाची ठरली; म्हणजे विषाणू आधी नवऱ्याकडे आणि मग तिच्याकडे गेला होता. नवऱ्याला विचारले. कणकण आधी त्यालाच होती; खाडा पडू नये म्हणून तो बोलला नव्हता.

उपलब्ध नमुन्यांवरून ताप गावातून तळावर गेला, असा अहवाल ग्रामपंचायतीत वाचला गेला. दुसऱ्या दिवशी माझी दुरुस्ती त्याच पानावर छापून आली. त्या सकाळी त्या बाईने हापशावरून दोन घागरी पाणी नेले.