फोटोग्राफरला घातलेली एकच अट

धाकट्या बहिणीच्या लग्नात मी ज्या माणसाशी सगळ्यात जास्त भांडले, तो नवरदेवाकडचा कुणी नव्हता. ती माणसं बिचारी शांत होती. मी भांडले फोटोग्राफरशी. साखरपुड्यापासून अल्बम हातात येईपर्यंत जवळजवळ पाच महिने मी त्याच्या मागे हात धुऊन लागले होते.

त्याचं दुकान सोनईच्या पेठेत. बाहेरच्या फ्लेक्सवर बर्फात उभं राहिलेलं जोडपं, आणि आत पंखासुद्धा धड फिरत नव्हता. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, आम्हाला भाऊ नाही, त्यामुळे लग्नातलं कर्तं माणूस मीच. नगरहून रजा काढून यायचं आणि कामं उरकायची. मांडववाला, आचारी, बँडवाले एकेका भेटीत ठरले. याला ठरवायला तीन भेटी लागल्या, कारण तो एकटाच बोलायचा. ड्रोन, सिनेमॅटिक, कॅन्डिड, एलईडी वॉल. त्याचं सगळं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "दादा, ते तुम्ही काय करायचं ते करा. माझी एकच अट आहे. प्रत्येक विधीत आमची आई फोटोत पाहिजे."

"येवढंच व्हय ताई? आईंचं येगळं पान टाकू. टेन्शनच घेऊ नका."

मी टेन्शन घेतलं नाही, हीच चूक झाली.

अट घालायला कारण होतं. आमच्या आईचा धड असा एकही फोटो नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती एकदाच आहे, तीही खांद्यापासून खाली, हातात हळदीची वाटी. बाकीचा सगळा वेळ ती आचाऱ्याच्या डोक्यावर बसलेली. नंतर वडील गेले आणि कुठल्याही कार्यात पुढे यायचं तिनं सोडूनच दिलं. हळदीला मागच्या रांगेत बसायची, ओटी भरायची वेळ आली की पाणी आणायच्या निमित्तानं आत जायची. समोरून काढलेला तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात ती चोरीत पकडून आणल्यासारखी दिसते. वडिलांच्या वेळी आम्हाला सोसायटीच्या सभेतल्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा करावा लागला होता. आजही भिंतीवर त्यांच्या कानाजवळ शेजारच्या माणसाच्या फेट्याचं टोक दिसतं. आईचं तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं. तिचा हसरा फोटो, लेकीशेजारी, पुढे उभी असलेली.

पहिली ठिणगी पडली प्री-वेडिंगला. फोटोग्राफर साहेबांना उसाच्या फडात बैलगाडी हवी होती. आमच्याकडे दोन ट्रॅक्टर, पण बैल? अख्ख्या गावात बैलजोडी निघेना. शेवटी शेजारच्या वस्तीवरून आणली. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा आमचा नवरदेव धोतर नेसून कासरा धरून बसला, आणि बैलांनी पहिल्या पाच मिनिटांत फडात तोंड घातलं. ते काही केल्या मान वर करेनात. याचं आपलं चालूच, "दाजी, बैलांकडं प्रेमानं बघा." मी म्हटलं, आई भाकरी घेऊन आलीच आहे, तिचा नि बहिणीचा एक काढा. तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी बैलांना आधार कार्ड मागितलंय. "ताई, प्री-वेडिंगमंदी आई नसती."

त्यानंतर तो फोन उचलेना. उचलला तर सबब तयार. शनिवार असला की शिंगणापूरच्या फाट्यावर गर्दीत अडकलोय, शनिवार नसला की मेमरी कार्ड नगरला दुरुस्तीला दिलंय. मी त्याला इतक्यांदा अटीची आठवण करून दिली, की तो "हॅलो"च्या ऐवजी "आई हाय ध्यानात" असंच म्हणायला लागला.

लग्नाच्या दिवशी हळदीला आला तो तासभर उशिरा. तोवर हळद लावून झाली होती. मग यानं सगळ्या बायकांना परत बसवलं आणि सुकलेल्या हळदीवर परत हळद लावायला लावली. "हसून लावा, काकू. कुस्ती न्हाई ही." बहिणीचा चेहरा पुरणपोळीसारखा दिसायला लागला तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. मी विचारलं, आई आली का फोटोत? तो म्हणाला, "हाका मारतोय की मी त्यास्नी. थांबतच न्हाईत."

"थांबत नाहीत म्हणजे? कॅमेरा तुमच्या हातात आहे ना? तो तिकडे न्या!"

कार्यालयात तर कहर झाला. मुहूर्त दुपारचा होता, पण मुहूर्ताला आमच्याकडे विचारतं कोण? माईकवाल्यानं सत्कार सुरू केले. आजी सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, कुठल्या कुठल्या संस्थेचे संचालक. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ, आणि प्रत्येकाचा फोटो. नवरी बोहल्याच्या मागे ताटकळत उभी, आणि फोटोग्राफर पुढाऱ्यांच्या पुढे गुडघ्यावर बसलेला. मी खेकसले, तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, नवरीचा फोटो परत काढता येतो. सायबांचा हुकला तर पुढची लग्नं हुकत्यात."

पुढचं सगळं पळापळीत गेलं. कन्यादानाला काका-काकू बसले, मी करवली म्हणून पाठीशी उभी, आणि एक डोळा कायम त्या कॅमेऱ्यावर. पाठवणीच्या वेळी मी रडायचीसुद्धा विसरले, कारण याचा ड्रोन मांडवाच्या झालरीत अडकला होता.

अल्बम दोन महिन्यांनी आला. वीट पडावी तसा जड. मी पहिल्यांदा सत्काराची पानं मोजली. अकरा. नवरदेव-नवरी एका पानावर बर्फात उभे होते, बैलगाडीसकट. आणि आई? दोन फोटोंत. एकात डोळे मिटलेले, दुसऱ्यात अर्धी खांबाआड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अल्बम पिशवीत घातला आणि तशीच सोनईची एसटी पकडली.

दुकानात शिरल्या शिरल्या मी तोंड सोडलं. समोर एक जोडपं त्यांच्या लग्नाचं ठरवायला आलं होतं, ते मुकाट उठून गेलं. मी म्हटलं, "एक अट घातली होती. एक! तुम्हाला पुढाऱ्यांची अकरा पानं सुचली आणि माझ्या आईचं एक पान सुचलं नाही?"

तो पहिल्यांदाच काही सबब सांगेना. म्हणाला, "काढलं न्हाई असं न्हाई, ताई. बसलं न्हाई त्यात."

"मग दाखवा काय काढलंत ते. कापलेलंसुद्धा."

"ऱ्हाऊ द्या ना ताई. मी दुसरं पान करून देतो."

"नाही. आत्ता दाखवा."

त्यानं कॉम्प्युटर लावला. व्हिडिओ आधी पाठवणीचा निघाला, ओटी भरायच्या आधीचा. बहीण पाटावर बसलेली, तिच्या मागे आई. फोटोग्राफरचा आवाज येतोय, "आई, हितंच थांबा. नवरीच्या खांद्यावर हात ठिवा. आता हसा की थोडं." आणि आई चक्क हसली. इतकी छान हसली, की मला त्या माणसाला दिलेल्या सगळ्या शिव्या परत घ्याव्याशा वाटल्या. तेवढ्यात डावीकडून एक हात आला. हिरवा चुडा, मेंदी. त्यानं आईचं मनगट धरलं, आणि आवाज आला, "आई, तू जरा बाजूला हो ना. सवाष्णींना ओटी भरू दे."

आवाज माझा होता. मी आईकडे बघतसुद्धा नव्हते. मान वळवून पाचवी सवाष्ण कुठे आहे ते शोधत होते. आई एका क्षणात बाजूला झाली, ती वाटच बघत असल्यासारखी.

मी म्हटलं, "हळदीचं लावा." त्यातही तेच. तो तिला थांबवतोय, मी तिला सरकवतेय. "आई, मागं बस गं, काकूंना पुढं येऊ दे." ऑफिसात महिला दिनाला भाषण करणारी मीच. विधवांना मान द्या, हळदीकुंकवाला बोलवा, असं टाळ्या घेऊन सांगणारी. आणि हे मला आठवतसुद्धा नव्हतं. कुणी आठवण करून दिली असती तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं.

फोटोग्राफर कीबोर्डकडे बघत म्हणाला, "म्हून कापलं हुतं. आल्बममंदी बरं दिसलं नसतं तुमच्यासाठी."

मी त्याला म्हटलं, ती हसतेय तिथला फोटो द्या. तो पुढेमागे करून बघायला लागला. म्हणाला, खरं हसू आलंय तिथंच हात पण आलाय. कॉम्प्युटरवर काढून टाकू का? मी म्हटलं, नको.

फोटो घेऊन मी घरी गेले आणि आईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, उजेडाकडे धरून बघितलं. आवडला तिला, ते दिसत होतं. मग तिचं बोट त्या हातावर थांबलं.

"ह्यो कुनाचा हात गं?"

"माझा. मी तुला बाजूला ओढत होते. आई, माझं चुकलं."

"चुकलं कशाचं?" ती म्हणाली. "बरं झालं येळेवर वढलंस. त्यो फोटोवाला लई गोड बोलत हुता, मी आपली उभीच ऱ्हायले असते येड्यावानी."

फोटोग्राफरशी मी पाच महिने भांडले होते. आईशी त्या दिवशी भांडले. तू का नाही उभी राहिलीस, माझा हात का नाही झटकलास, म्हणून तिच्यावरच ओरडले, आणि ती मात्र मला पाणी आणायला उठली.