अण्णांचा गोल आणि मामांचा फेटा

फुटबॉलवर मी लिहावं हा थोडा आगाऊपणाच आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. मी हा खेळ कधी खेळलेलो नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे आजही कुणी पटकन विचारलं तर मी हातवारे करून वेळ मारून नेतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना शब्द नीट पडतील की नाही याचीही धास्ती वाटते. पण अण्णांना खेळताना मी पाहिलं आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अण्णा मूळचे इथले, नगर शहरातलेच. तरुणपणी कोलकात्याच्या मोठ्या क्लबकडून खेळले, देशाची जर्सी घातली आणि पाय थकल्यावर घरी येऊन आपल्या जुन्या गल्लीच्या टीमकडून खेळू लागले. मला हे काही माहीत नव्हतं. होस्टेलवरून मेसला निघालो होतो, मैदानाच्या कडेला माणसं उभी दिसली म्हणून थांबलो. एक टक्कल पडलेला, पोट जरा सुटलेला माणूस चेंडूवर पाय ठेवून उभा होता आणि समोरची दोन पोरं तो हलण्याची वाट बघत होती. तो हलला नाही. नुसता एक खांदा पाडला. दोन्ही पोरं एका बाजूला धावली, चेंडू दुसऱ्या बाजूने निघून गेला, आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात घट्ट धरला. त्यानेही तो सोडवून घेतला नाही. जेवायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून अण्णांची एकही मॅच मी सोडली नाही. लेक्चरं सोडली, हे घरी सांगू नये. अण्णांनी सगळीकडचे कप जिंकले होते, फक्त आपल्या मैदानावरचा कप त्यांना कधी मिळाला नव्हता. यंदा त्यांची टीम फायनलला पोचली. गुडघा आता साथ देत नाही, ही शेवटची मॅच, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

मी फोनवर मामांना इतक्या वेळा अण्णांबद्दल सांगितलं होतं की ते फायनल बघायला आले. मामा घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करतात आणि जत्रेतली एकही कुस्ती चुकवत नाहीत. त्यांच्या पिशवीत कोरा गुलाबी फेटा होता.

"फेटा कशाला, मामा?"

"एवढ्या मोठ्या गड्याला रिकाम्या हातानं भेटायचं व्हय?"

मला वाटलं, मॅच संपल्यावर भेटतील.

खेळ संपत आला तरी गोल झाला नव्हता. मामा अण्णांकडे बैल पारखावा तसे बघत होते. "गडी उगा उड्या मारत न्हाई. दम राखून हाय. लई गुणाचा हाय," असं ते मागच्या अनोळखी लोकांनाही सांगत होते. तेवढ्यात अण्णांना चेंडू मिळाला. पहिला गडी त्यांनी चुकवला, दुसरा आपोआप घसरून पाठीवर पडला. "चितपट," असं मामा म्हणाल्याचं मी ऐकलं. मग अण्णांनी डाव्या पायाने चेंडू हलकेच उचलला. तो गोलकीपरच्या वरून, घाई नसल्यासारखा, वळत वळत निघाला. मी ओरडायला लागलो आणि शेजारी पाहिलं तर मामा जागेवर नव्हते.

कुस्तीत डाव बसला की कदर करणारा माणूस तसाच आखाड्यात जातो आणि तिथल्या तिथे पैलवानाला फेटा बांधतो. उशीर केला तर दुसरा कुणी मान घेऊन जातो. मामांनी उशीर केला नाही. कॉर्नरच्या झेंड्याजवळून ते फेटा उलगडत मैदानात शिरले तेव्हा चेंडू अजून हवेत होता.

चेंडू जाळीत गेला आणि गोंधळ उडाला. समोरच्या टीमने रेफरीला घेरलं. बाहेरचा माणूस आत होता, गोलकीपरचं लक्ष उडालं, गोल रद्द करा, असा त्यांचा धोशा. रेफरी मामांकडे आला.

"काका, तुम्ही आत कसे?"

"गड्यानं डाव टाकला. मग कवा यायचं?"

"चेंडू चालू होता, काका."

"आवो, मी त्याला शिवलोबी न्हाई."

अण्णा गुडघे धरून हसत होते. मग मामांपुढे डोकं वाकवून म्हणाले, "आता आलाच आहात तर बांधा." आणि मामांनी, रेफरी घड्याळ बघत असताना, चांगला पीळ देऊन फेटा बांधला. मी इतका हसलो की पोटात कळ आली.

गोल दिला गेला, मॅच त्या एकाच गोलवर संपली, पण तक्रार स्पर्धेच्या कमिटीकडे गेली. गोलकीपरला अडथळा झाला का, एवढंच कमिटी ठरवणार होती. तोपर्यंत कप टेबलावरच राहिला. मामांचं हसू एसटी स्टँडपर्यंत टिकलं. तिथे बाकावर बसून ते म्हणाले, "माझ्यापायी त्या मानसाचा कप गेला तर रं?" मग रोज त्यांचा फोन यायचा, "कळलं का काय?" मी नाही म्हणालो की ते फोन ठेवायचे.

बाजाराच्या दिवशी मी घोडेगावला गेलो. मामा एका गिऱ्हाइकाशी उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवत होते. माझा फोन वाजला. रूम पार्टनर होता, कमिटीच्या बैठकीबाहेर थांबलेला. मामांनी सौदा अर्ध्यावर सोडून हात बाहेर काढला. मी स्पीकर लावला.

"गोल मान्य झाला," तो म्हणाला. "त्यांच्या गोलकीपरनंच सांगितलं. म्हणाला, फेटेवाला मला दिसलाच नाही, मी चेंडूच बघत होतो, आणि आणखी दोन हात असते तरी तो मला सापडला नसता. कप अण्णांना दिलाय."