आपल्या ओसरीपर्यंत कोण उतरेल?

मंडळी, आज सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये एका डच सहकाऱ्याने त्याच्या जुन्या सुट्टीतला व्हिडिओ दाखवला. धरणाखाली बुडालेल्या कुठल्याशा गावात स्कूबा करत तो एका घरात शिरतो. सगळे खूश. मी कॅमेरा बंद केला. आमचंही गाव असंच धरणात गेलंय.

दुपारी पुण्याला फोन करून आईला हे सांगितलं. बाबा कोविडने गेले. लॉकडाऊनमुळे अस्थींचा कलश अजून गॅलरीत टांगलेला आहे.

आई म्हणाली, "तो पाण्यात उतरणारा येईल का रे इकडे? बाबांना आपल्या ओसरीवर नेऊन ठेवायला?"

"विमानं बंद आहेत," एवढंच बोललो.

मी राहतो ते नेदरलँड्समधलं हूफडॉर्प गाव अख्खा तलाव उपसून वसवलंय. आईला हे कधीच सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?